काचेवरची तीन यंत्रं

कणकवलीच्या त्या कानाच्या यंत्रांच्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. त्या विकणाऱ्याचं गोड बोलणं आठवलं तरी डोकं सणकतं. शिरा पडो त्याच्या तोंडार!

माझे बाबा सुतार. ऐकू येईनासं झालं तसं त्यांनी सोमवारच्या भजनाला जाणं सोडलं. टाळ चुकतो, पोरं हसतात म्हणे. जन्मभर ज्या देवळात बसले, तिथे दारातूनही डोकावेनात. मला ते बघवेना. त्यांना परत भजनात बसवायचं म्हणून मी त्यांना घेऊन कणकवली गाठली.

त्या माणसाने काचेवर तीन यंत्रं मांडली. पहिलं खिशात ठेवायचं डबडं, त्याला वायर आणि मोठं गोल बटण. दुसरं कानामागे लावायचं. तिसरं कानाच्या आत बसणारं, इवलंसं. दुसऱ्याची किंमत जवळजवळ तिसऱ्याएवढीच. "ताई, एवढे पैसे घालताय तर थोडक्यासाठी कशाला मागे राहता?" तो म्हणाला. आणि मला पटलं की! आता कळतं, ते मधलं मेलं विकायला नव्हतंच ठेवलेलं. तिसरं स्वस्त वाटावं म्हणून तिथे बसवलं होतं.

तोवर बाबांनी पहिलं उचललं होतं. बटण फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ह्यां बरां आसा."

"ते फार जुन्या पद्धतीचं, काका," विकणारा माझ्याकडे बघून हसला. मला कोण लाज वाटली! मी ते बाबांच्या हातातून काढून काचेवर ठेवलं आणि तिसरं बांधून घेतलं. दोन यंत्रं ताडून बघण्यात एवढी गुंग, की ज्यांच्या कानासाठी आले ते बाजूलाच उभे आहेत याचं भान नाही.

घरी आल्यावर कटकट सुरू. बॅटरी मसुरीच्या दाण्याएवढी, रंधा मारून जाड झालेल्या बोटांत ती धरवेना. आवाज कमीजास्त करायचा तर मोबाइलवरून. आठवडाभरात यंत्र डबीत गेलं ते गेलंच.

सोमवार आला तशी मी भडकले. त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "घाला मगे तां कानात! भजनाक जावचां नाय?"

त्यांनी डबी उघडली, पण बॅटरी बोटांतून निसटून खाली पडली. मग माझाच आवाज उतरला. परत कानाशी वाकून म्हटलं, "बरां, चला. तां पयलां घेवन येवया."

"नको गो," बाबा म्हणाले. "थंय जावन तू परत त्या इकणाऱ्याकच इचारतलंस, माका नाय."