वसतिगृहाचा सर्व्हर

आमच्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात मी सतरा वर्षं कारकुनी करतोय. एवढ्या वर्षांत माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती, तर त्या जूनमधल्या बैठकीत मी तोंड उघडलं ही.

रेक्टर मॅडम म्हणाल्या, यंदा प्रवेशाचे फॉर्म ऑनलाइन घ्यायचे. आमच्याकडे राहून शिकलेली एक मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे. तिनं फुकटात प्रोग्राम लिहून पाठवला होता. एकच फाइल. सोबत एक ओळ, की हे फक्त सर्व्हरवर टाका. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मी म्हणालो, "बघतो मी." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सर्व्हर म्हणजे काहीतरी कपाटाएवढी वस्तू असते, अशी माझी समजूत. मोबाइलवर एक शिकवणीचा व्हिडिओ लावला, तर व्हिडिओवाला म्हणाला, तुमचा साधा कॉम्प्युटरच सर्व्हर होतो, त्यावर एक सॉफ्टवेअर टाकायचं. टाकलं. मग म्हणाला, आधी दुसरं एक टाकायला हवं होतं. तेही टाकलं. ते चुकीच्या आवृत्तीचं निघालं. काढलं, परत टाकलं. तीन दिवस डोक्याचा भुगा. चौथ्या दिवशी एक काळी चौकट उघडली, तिच्यात इंग्रजी ओळी सरसर वर जायला लागल्या, आणि माझ्या कॉम्प्युटरवर वसतिगृहाचा फॉर्म दिसला. मी खुशीत पेढे वाटले. मॅडमनी पेढा तोंडात टाकून स्वतःच्या मोबाइलवर पाहिलं, तर काहीच नाही. म्हणजे माझा सर्व्हर जगात फक्त मलाच दिसत होता. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही. पुण्याच्या मुलीनं फोनवरून दोन तास काय काय करायला लावलं, मी "हो, हो" म्हणत दाबत गेलो, आणि शेवटी मॅडमच्या मोबाइलवर तो उघडला. काळी चौकट तशीच चालू ठेवा, एवढं तिनं बजावलं. पेढे तोवर संपले होते.

आता या सगळ्यात माझा जीव का गुंतला होता, ते सांगतो. माझी थोरली बहीण फुलंब्रीच्या पुढं एका वाडीवर असते. आम्ही मेंढरांमागं फिरणाऱ्यांतले. मी कसाबसा शिकून शहरात आलो, ताईच्या घरी मात्र अजून मेंढरं आहेत आणि मेंढरं नसतील तेव्हा रोजंदारी. तिची लेक बारावी झाली, एकाहत्तर टक्के पडले, शहरातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव लागलं. पण प्रॅक्टिकल सुटेपर्यंत वाडीची शेवटची बस निघून गेलेली असते. दाजींनी सरळ सांगितलं, "होस्टेलला नंबर लागला तर शिकंल. नाय लागला तर मेंढरं हायेतच."

मी भाचीला म्हणालो, "फॉर्म तूच भरायचा. मार्कांवर यादी लागती. मधे मला फोन करायचा नाय." माझ्या टेबलावरून कधी कुणाचा वशिला गेला नाही, याचा मला लई माज. आणि गेल्या वर्षी पासष्टवर यादी बंद झालेली, मग काळजी कसली?

फॉर्म यायला लागले. शहरातले आले, लासूर स्टेशनचे आले, वैजापूरचे आले. फक्त एक भानगड होती. रोज सकाळी मी ऑफिसात यावं तर काळी चौकट गायब, सर्व्हर बंद. मी तो पुन्हा चालू करायचो, की संध्याकाळी साडेपाचला मी निघेपर्यंत ठणठणीत. मी आधी लाइटीवर संशय घेतला. मग इन्व्हर्टरवर. मग त्या कॉम्प्युटरच्या मागं राहणाऱ्या पालीवर. एकदा घरून संध्याकाळी मोबाइलवर उघडून पाहिलं, उघडेना. म्हटलं, माझा नेट संपला असेल. पुण्याच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "सर, मेमरी कमी पडत असेल." कुणाची, ते मी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर मी फार डोकं लावलंच नाही. सकाळी चालू करतोय ना आपण, मग झालं. संध्याकाळनंतर कोण बसतंय फॉर्म भरायला, असं मी मनाशी म्हणायचो. आणि हे कोण म्हणत होता? ज्याचा बाप दिवस मावळल्याशिवाय कधी घरी आला नाही, तो.

मुदत संपली, यादी काढली. भाचीचं नाव नाही. मी वरून खाली, खालून वर चार वेळा वाचली. फुलंब्रीकडचं नावच जवळपास नव्हतं. माझं डोकंच फिरलं. ताईला फोन लावला आणि सुरुवातच केली, "फॉर्म का नाय भरला? एवढं सांगून?"

तिकडून भाचीनं फोन घेतला. "मामा, रोज भरत होते. आम्ही कामावरनं सातला येतो, पप्पांचा मोबाइल तवाच हाती लागतो. रोज नुसतं पांढरं पान यायचं. तुमीच म्हणलात फोन करायचा नाय."

मी फोन ठेवला आणि पुण्याला लावला. मुलगी म्हणाली, "लॉग बघा सर." लॉग म्हणजे सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो ती रोजची नोंद. अशी काही चीज असते, हे मला महिनाभरानंतर कळत होतं. उघडली. रोज एकच गोष्ट. पावणेसहा ते सहाच्या मधे सर्व्हर थांबला. कोसळला नाही, बिघडला नाही. कुणीतरी त्याला शांतपणे बंद केलं होतं.

पावणेसहाला ऑफिसात एकच माणूस असतो. आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. निवृत्तीला आठ महिने राहिलेले, देवमाणूस. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात कचेरीत होते, आणि घराण्याची शिस्त अशी की दिवस संपला की दप्तर लाल फडक्यात बांधायचं. उघडं दप्तर ठेवून उठायचं नाही, ते अशुभ. आता फाइली कमी झाल्या, पण बडे बाबू अजून जाताना एकेका टेबलाशी थांबून उघडं दिसेल ते मिटतात. रजिस्टर, शाईचा पॅड, कपाट. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडं असेल तेसुद्धा.

मी त्यांना विचारलं तेव्हा ते कौतुकाची वाट बघत असल्यासारखे हसले. "तुम्ही रोज ते काळं तसंच उघडं टाकून जाता. मी म्हटलं, नवीन काम आहे, राहत नसेल लक्षात. म्हणून मीच मिटत होतो. तुम्हाला बोललो नाही, उगीच वाईट वाटेल."

आता या माणसावर चिडणार कसं? मी त्यांना समजावलं की ते मिटलं की फॉर्म बंद होतात. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे रात्रीसुद्धा कचेरी उघडी?" मी हो म्हणालो. ते खुर्चीत बसले.

मी मॅडमकडं जाऊन सगळं कबूल केलं. बडे बाबूंचं नाव घेतलं नाही, पण ते मागून आले आणि स्वतःच बोलले. मॅडमनी यादी रद्द करून दहा दिवस मुदत वाढवली. मी काळ्या चौकटीवर कागद चिकटवला, हात लावू नये. आणि संध्याकाळी सातपासून जे फॉर्म यायला लागले, ते बघून मी चाटच पडलो. वाडीवरच्या, तांड्यावरच्या, वीटभट्टीवरच्या मुली. सत्तर, अठ्ठ्याहत्तर, ब्याऐंशी टक्के. दिवसा ज्यांच्या हाती मोबाइल येत नाही, त्या सगळ्या.

नवी यादी त्र्याहत्तरवर बंद झाली. भाची एकाहत्तर.

मला काही सुधरेना. सर्व्हर संध्याकाळी बंद होत होता तेव्हा ती बाहेर होती, आता नीट चालला तरी बाहेरच. यादीत खोट काढायला जागा नव्हती. तिच्यापुढच्या मुलीही आमच्यासारख्याच घरांतल्या. रविवारी मी बस पकडून वाडीवर गेलो आणि ताईला सगळं सांगायला लागलो, लॉग, काळी चौकट, टक्के. ती मेंढरांसाठी पाला तोडत होती. मधेच म्हणाली, "भाऊ, तुझी यादी बरोबर असंल. तुझ्या घरात दोन खोल्या हायेत. पोरगा तुझा पुण्याला. मी म्हणलं, तू आज बोलशील, उद्या बोलशील."

मला तोंड वर करता येईना. ती मागची खोली मी रोज बघतो. जुनी गादी आणि कूलर ठेवलाय तिच्यात. महिनाभर मी सर्व्हर का थांबतो याचा विचार करत होतो, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती. का आली होती आणि मी ती बाजूला सारली होती, हेही मला आता आठवेना.

बायकोला विचारलेलं नव्हतं. तरी भाचीला म्हणालो, "बॅग भर. सकाळच्या गाडीनं निघू."

ती जागची हलली नाही. "मामा, तुमी लाज वाटली म्हणून म्हणताय, का मनापासून?"

मला खरंच कळेना. "दोन्ही," मी म्हणालो.

तिनं आईकडं पाहिलं, थोडा विचार केला, आणि बॅग आणायला आत गेली.