झोप लागते का?

परवा लोणावळ्यातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने मला विचारलं, "झोप लागते का?" मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "लागते की, चांगले घोरतात!" माझं डोकंच फिरलं. आणि भाजे गावची ती बाई आठवली.

तीस वर्षांपूर्वी मी मानसोपचाराचा डॉक्टर होतो. बाई महिनाभर गप्प होती, म्हणून नवरा तिला माझ्याकडे घेऊन आला होता. झोप लागते का, असं तिला विचारलं की नवरा सांगायचा, "लागती की, लय." भूक? "खाती." मनात काय येतं? "कायबी न्हाई ओ!"

"भाऊ, तुम्ही बाहेर बसा!" मी खेकसलो. तो गेला. खोलीत ती, मी आणि तिच्या पदराला येणारा चुलीच्या धुराचा वास. मी पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. ती बोलेना. शेवटी वैतागून नवऱ्यालाच आत बोलावलं आणि त्याचीच उत्तरं कागदावर उतरवली.

निघताना दारात ती थांबली. "डॉक्टर, आता सांगनारच हुते," म्हणाली. पुन्हा कधी आली नाही.

इकडे तरुण डॉक्टरने 'झोप चांगली' असं लिहूनसुद्धा टाकलं. पहाटे तीनपासून मी जागा असतो, हे सांगायला शब्द जुळवत होतो, तोवर त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.