तोंड न लावता

माझी मुलगी मेघना पंधरा वर्षांची आहे. बाटलीतून पाणी पिताना तिने ओठ लावलेले मी कधी पाहिलेले नाहीत. मान मागे, बाटली वीतभर वर, आणि धार सरळ घशात. रिक्षा खड्ड्यातून जात असली तरी गणवेशावर थेंब सांडत नाही. हे मीच तिला शिकवलं, ती चार वर्षांची असताना. कपडे भिजले तरी चालतील म्हणून बाथरूममध्ये उभं करून शिकवलं. पंधरा दिवस लागले. जमलं तेव्हा बालवाडीच्या बाईंना मी ते कौतुकाने सांगितलंही होतं.

तोंड लावलं की उष्टं होतं, एवढंच कारण मी तिला सांगितलं. पुष्कळ घरांत मुलांना हेच सांगतात. माझं कारण वेगळं होतं.

मी चौथीत होते. आम्ही विठ्ठलवाडीला चाळीत राहायचो. शाळेतल्या हेमांगीकडे एकदा अभ्यासाला गेले आणि पाणी मागितलं. तिच्या आजीने हसून दिलं, बरोबर रव्याचा लाडूही दिला. ग्लासच्या कडेला पोचा होता, तो माझ्या ओठाला लागला म्हणून लक्षात राहिला. चार दिवसांनी परत गेले तेव्हा तोच पोचा असलेला ग्लास खिडकीत होता आणि त्यात मनीप्लांटची फांदी लावलेली होती. कोणी मला काही बोललं नव्हतं. सगळं इतकं सभ्यपणे झालं होतं की रागवायलाही जागा नव्हती. त्यानंतर मी कोणाच्याही घरी भांड्याला तोंड लावलं नाही, आणि माझ्या मुलीचा ओठ कोणाच्या ग्लासाला लागणार नाही हे तिच्या जन्माआधीच ठरवून टाकलं.

माझ्या सासूबाई, रमाबाई, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचं बालपण मुरबाडकडच्या गावात गेलं. त्यांनी जे पाहिलं त्यापुढे माझा ग्लास काहीच नाही. त्या मात्र तांब्याला तोंड लावूनच पाणी पितात, आणि आवाज करून पितात. बाथरूममधलं माझं शिकवणं त्यांनी दारात उभं राहून पाहिलं होतं.

"पोरीला कुणासाठी शिकवतीस हे?" त्यांनी विचारलं.

"चांगली सवय आहे. स्वच्छतेची."

"आपल्या घरात कोन बघतंय?"

"घरात नाही. बाहेर."

"मग बाहेरच्यांना शिकीव," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मेघना ठाण्याच्या शाळेत आहे, कारण माझं ऑफिस ठाण्यात आहे. सकाळी आम्ही दोघी कल्याणहून निघतो. शाळेतल्या मुली ठाण्याच्याच. शाळा सुटली की एकमेकींच्या सोसायटीत जातात, वाढदिवस करतात. मेघना माझी सुट्टी होईपर्यंत लायब्ररीत बसते. नववीपर्यंत तिला घट्ट अशी मैत्रीण झाली नाही. भांडणही कोणाशी नाही. सगळ्यांशी बरं, एवढंच. म्हणून शाळेच्या जर्मन भाषेच्या वर्गातून दहा जणांना तीन आठवडे जर्मनीला नेणार हे कळलं तेव्हा मी तिला इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"आई, तिथे सगळेच नवीन असणार. कोण कुठून येतं, कोणाचा ग्रुप कुठला, तिथे कोणाला काय माहितीये? झिरोपासून स्टार्ट."

नियम असा होता की जून महिन्यात आपली मुलं तिकडच्या मुलांच्या घरी राहणार, आणि ऑक्टोबरमध्ये तीच मुलं आपल्याकडे येणार. मेघनाची जोडी फ्रीडा नावाच्या मुलीशी लागली. जायच्या आधीच फ्रीडाला कल्याणला काय काय दाखवायचं हे मेघनाने ठरवलं होतं. दुर्गाडी किल्ला, खाडी, उल्हासनगरचं जीन्सचं मार्केट. फ्रीडा कुठे झोपणार हेही ठरलं. धम्मपाल म्हणजे मेघनाचे बाबा हॉलमध्ये जाणार आणि आमची खोली मुलींना. धम्मपालने कोपऱ्यातलं कपाट रिकामंही केलं.

तिकडून पहिले काही दिवस ती रोज फोन करायची. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची झोपायची वेळ. मी फोन हातात घेऊनच बसायचे. रात्रीच्या जेवणाला थंड ब्रेड देतात, चालतं. बोलतात फार पटपट, ती सगळ्यांच्या मागून अर्ध्या सेकंदाने हसते, तेही चालतं. संध्याकाळी गावाबाहेरच्या तलावावर फ्रीडाचा ग्रुप जमतो. लाकडी धक्क्यावर पाय सोडून सात-आठ जण बसतात. सफरचंदाच्या रसात सोडा घातलेली एक मोठी बाटली असते, ती हातोहात फिरते.

"आणि माहितीये, मी वरून प्यायले ना, सगळे बघतच राहिले. टाळ्या वाजवल्या. टिल म्हणून एक मुलगा आहे, तो ट्राय करायला गेला आणि सगळं नाकात. आता रोज मला म्हणतात, कर ना, कर ना. व्हिडिओ पण काढलाय."

मी धम्मपालला उठवून व्हिडिओ दाखवला. चार सोनेरी डोकी आणि मधे माझी सावळी मुलगी, मान मागे टाकलेली, धार सरळ. माझ्या शिकवण्याने तिला तिथे जागा मिळवून दिली असं मला वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच वाटलं.

आठव्या की नवव्या दिवशी टिलने तिला सहज विचारलं, तू अशीच का पितेस? आमच्यासारखी का नाही?

उष्टं या शब्दाला जर्मनमध्ये शब्द नाही. इंग्रजीतही नाही. मराठीत आपण दिवसातून दहा वेळा तो सहज वापरतो. मेघनाला परीक्षेत जर्मनचे पंच्याण्णव मार्क आहेत. तिने डोकं चालवलं आणि वर्गात शिकलेल्या शब्दांत सांगितलं की आमच्याकडे दुसऱ्याचं तोंड लागलं की ती वस्तू घाणेरडी होते, म्हणून आम्ही पीत नाही. वाक्य व्याकरणाने अगदी बरोबर होतं, असं ती मला नंतर म्हणाली.

मग फ्रीडाने विचारलं, "म्हणजे आम्ही घाणेरडे?"

"नाही, नाही. तुम्ही नाही. तोंड," मेघना म्हणाली.

त्यावर टिल हसला आणि बाकीचेही हसले. विषय संपला असं मेघनाला वाटलं. दुसऱ्या दिवशीचा फोन मात्र मला शब्दन् शब्द आठवतो.

"आई, फ्रीडा किती स्वीट आहे. तिने आज माझ्यासाठी वेगळी बाटली आणली. छोटीशी. वर स्टिकर लावून माझं नाव लिहिलंय. म्हणाली, म्हणजे तुला त्रास नको."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई? आवाज येतोय का?"

"येतोय."

"काय झालं?"

"काही नाही. उद्या सगळ्यांबरोबर त्यांच्या बाटलीतून पी. तोंड लावून."

"शी. का?"

"सांगते म्हणून."

"तूच तर शिकवलंयस."

तिला हळूहळू कळायला लागलं. मोठी बाटली फिरत यायची आणि तिच्यापाशी आली की पलीकडे बसलेला कोणी हात लांब करून ती घ्यायचा, तिच्या मांडीवरून. बाटलीबरोबर बोलणंही तिच्यावरून जायचं. कोणी तुसडेपणा केला नाही. उलट सगळे जपायला लागले. कोणी चिप्सचा पुडा पुढे केला की फ्रीडाच आधी सांगायची, थांब, तिला वेगळं काढून दे. टिल आता कर ना, कर ना म्हणेना. आपल्याकडच्या दहातली रसिका, ठाण्याची, अधूनमधून त्या धक्क्यावर यायची. ती आली, बसली, बाटली तोंडाला लावली आणि मनगटाने ओठ पुसून पुढे दिली. दोन दिवसांत रसिका त्यांच्यातली झाली. तिचं जर्मन मेघनाच्या निम्म्यानेही नाही.

शेवटच्या आठवड्यात मेघनाने माझं ऐकलं. मोठी बाटली मागून घेतली आणि ओठ लावले. पण अकरा वर्षांची सवय घशात असते. आठ जणांच्या ओठांची ती ओलसर कड तिला लागली आणि तिला उमासा आला. रस हनुवटीवरून गळ्यात ओघळला. फ्रीडाने तिच्या हातातून बाटली हळूच काढून घेतली आणि म्हणाली, "तुला हे करायची गरज नाही. आम्ही समजून घेतो."

परत आली तेव्हा विमानतळावर पालकांची गर्दी होती. रसिका मेघनाच्या गळ्यात पडून मला म्हणाली, "काकू, तुम्ही केवढ्या स्ट्रिक्ट आहात. माझ्या आजीने पण आता हे सगळं सोडलंय. तुमच्याकडे अजून एवढं सोवळं?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला आमचं आडनाव माहीत होतं, पण त्या वयात आडनावाचा अर्थ लावायची तिला कधी गरज पडली नसावी. तिचा ओठ कुठे लागतो हे आयुष्यात कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून तो कुठेही लागू शकत होता. मी हसले आणि बॅगांची ट्रॉली ढकलायला लागले.

खरं कारण मी मेघनाला घरी सांगितलं. हेमांगीची आजी, लाडू, ग्लास, सगळं. ती जेवत होती. ऐकून तिने ताट बाजूला सारलं.

"म्हणजे मला स्वच्छतेसाठी नाही शिकवलंस."

"तुला कोणी काही म्हणू नये म्हणून शिकवलं."

"कोणी म्हणालं असतं तर मी बघितलं असतं ना. तू आधीच त्यांच्या बाजूने झालीस."

रमाबाई शेजारीच बसल्या होत्या. मला वाटलं त्या आता मला बोलतील, जुनं उकरून काढतील. त्यांनी मेघनाचं ताट परत तिच्यापुढे सरकवलं, एवढंच.

जुलैमध्ये शाळेतून मेल आली. काही जोड्या बदलल्या होत्या. फ्रीडा ऑक्टोबरमध्ये रसिकाकडे राहणार होती. फ्रीडाने मेघनाला वेगळं लिहिलं होतं, फार विचार करून लिहिलेलं, प्रेमाने. तुमच्या घरचे नियम मला माहीत नाहीत, मी चुकून कशाला तरी हात लावीन, तुमचं काही अशुद्ध करीन आणि तुझ्या आईला वाईट वाटेल, त्यापेक्षा हे बरं. मेघनाने मराठीत वाचून दाखवलं तेव्हा धम्मपाल हसायला लागला. हसता हसता थांबला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"मी तिला लिहिते," मी म्हणाले. "इंग्रजीत. नीट सगळं सांगते."

"काय सांगणार?"

"खरं ते."

"आणि मग? आत्ता तिला वाटतं मी घमेंडी आहे. मग तिला वाटेल मी बिचारी आहे. ती मला जवळ बसवून प्रश्न विचारेल. शाळेत प्रोजेक्ट करेल माझ्यावर. मला त्यांच्यात नुसतं बसायचं होतं, आई. तू काही लिहू नको."

मी लिहिलं नाही. दोन-तीनदा लिहायला घेतलं. पहिल्याच वाक्यात आमच्या देशाचा इतिहास आला आणि मी पुसून टाकलं.

ऑक्टोबरमध्ये फ्रीडा एका दुपारी कल्याणला आली, रसिकाच्या आईने गाडीने सोडलं. उंच, नाकावर ठिपके असलेली, चेहऱ्याने गोड मुलगी. दारातच तिने बूट काढले आणि ते हातात धरून कुठे ठेवू असं विचारत उभी राहिली. सोफ्यावर बसण्याआधी विचारलं. पंखा लावण्याआधी विचारलं. खाताना एक हात मांडीखाली दाबून ठेवला होता, डावा. कोणीतरी तिला डाव्या हाताचं सांगितलं असावं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर ती हात मागे बांधून लांब उभी राहिली. मी जवळ ये म्हटलं तरी आली नाही.

रमाबाई खुर्चीतून हे सगळं बघत होत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ही पोर आपल्या घरात कशाला भितीय?"

"तिला वाटतंय, तिच्यामुळे आपलं काहीतरी बाटेल."

रमाबाईंना दोन मिनिटं ते कळेना. कळलं तेव्हा त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "आपलं?" एवढंच म्हणाल्या. मग बाहेर गेल्या आणि फ्रीडाच्या शेजारी चिकटून बसल्या, तिचा तो मांडीखालचा हात ओढून स्वतःच्या हातात घेतला. फ्रीडा लाल झाली. हात सोडवून घ्यावा की राहू द्यावा हे तिला कळेना, आणि ती विचारायला मेघनाकडे बघायला लागली. मेघना टेबलावरच्या बशा गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

पाच वाजता गाडी आली. मेघना खाली सोडायला गेली आणि लगेच परत आली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"थँक्यू म्हणाली."

"आणखी?"

मेघनाने सोफ्याची चादर ओढून सारखी केली.

"तुमचं घर फार स्वच्छ आहे म्हणाली."