टेबलावरचा लाल पत्ता

रविवारी दुपारी, बागबाजारच्या आमच्या भाड्याच्या घरात, जेवणाचं टेबल पुसून आम्ही चौघं खेळायला बसायचो. खेळ साधा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन बोलतात, आणि कुणाचं काही अडलं की फासे टाकतात. गोष्ट सांगणारा अर्थातच मी. बँकेनं बदली करून कोलकात्याला पाठवलेल्या माणसाचं एरवी ऐकतो कोण?

खेळायला सॉल्ट लेकहून आयटीतलं एक मराठी जोडपं यायचं आणि तिसरी माझी मुलगी, कॉलेजात जाणारी. तिची शाळा इथंच झाली, त्यामुळे मराठी लंगडं. तिची आई गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. पण या टेबलावर ती नावाडी व्हायची, आणि नावाडी मात्र लंगड्या मराठीत तासन् तास बडबडायचा, भांडायचा, मला शिव्यासुद्धा घालायचा. आठवडाभर मी त्या नावाड्याची वाट बघत असे.

मग मला हुक्की आली की आता जरा मोठ्यांसाठीची गोष्ट करू. तशी गोष्ट मांडण्याआधी म्हणे प्रत्येकाला विचारायचं, तुला काय नको. शिवाय टेबलाच्या मध्ये एक लाल पत्ता ठेवायचा. कुणी त्याला हात लावला की प्रसंग तिथंच बंद, कारण विचारायचं नाही. बँकेतल्या माणसाला नियम मिळाला की काय विचारता! मी रंगातच आलो.

"रक्त किती चालेल?" मी जोडप्याला विचारलं.

"घोट्यापर्यंत," नवरा म्हणाला.

"आणि प्रेमप्रसंग?"

"दार लागेपर्यंत," बायको म्हणाली. "पुढचं आमचं आम्ही बघू."

मुलगी खिदळली. "इंग्रजांनी मराठ्यांना शहराबाहेर ठेवायला इथूनच खंदक खणला होता ना, बाबा? आता मराठाच खणतो!"

सगळे हसले. त्या हसण्यात तिला विचारायचं राहून गेलं, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे तिला विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 'तिखट चालतं ना?' हे आपण पाहुण्याला विचारतो. घरच्याच्या ताटात वाढून मोकळे होतो.

गोष्टीत नावाड्याची आई आजारी पडली. फार जपून लिहिलं होतं मी. रक्ताचा थेंब नाही. खाटेवर पडलेली आई, तिला लागलेली धाप, आणि ती म्हणते, "खिडकी उघडी ठेव गं, वारा येऊ दे." हे वाक्य माझ्या बायकोचं. हॉस्पिटलच्या त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे गंजके पाइप तेवढे दिसायचे, वारा कुठला यायला! तरी ती रोज तेच म्हणायची. नावाडी पुरुष आहे, तिथं 'गं' कसा येईल, एवढंही मला लिहिताना सुचलं नव्हतं.

मुलीनं लाल पत्त्यावर बोट ठेवलं.

"अगं थांब," मी म्हणालो, "पुढे छान आहे."

आणि होतंच छान. पुढच्याच पानावर आई उठून बसणार होती, भात मागणार होती. डॉक्टरांना जे जमलं नाही ते मी सकाळी चहा पिता पिता जमवलं होतं. माझी मलाच शाबासकी देऊन झाली होती.

"पुढे काय झालं ते मला माहीत आहे, बाबा."

तरीही मी आणखी दोन ओळी वाचल्या. तिनं बोट काढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवला. जोडपं फाशांकडे बघत राहिलं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी हिंदीत बोलते. "आपका खाना ढका हुआ है." काउंटरवर आम्ही ग्राहकांशी बोलतो तसं.

आमच्याकडे बाप 'चुकलो' म्हणत नाहीत, खायला आणतात. मी रसगुल्ल्यांचं मडकं आणलं. ते फ्रिजमध्ये तसंच पडून राहिलं. पाक आंबल्यावर टाकवेना म्हणून मीच ते सगळे खाल्ले आणि आडवा झालो. उठल्यावर मात्र तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "तुला काय नको ते सांग. काहीही सांग."

ती अगदी सावकाश, मराठीत म्हणाली, "गोष्ट तू सांगायची नाही. बाकी सगळं चालेल."

मी म्हणालो, "बरं." दुसरं काय म्हणणार? नियम माझाच होता, आणि कारण विचारायचं नव्हतं.

आता गोष्ट तो सॉल्ट लेकचा नवरा सांगतो. बरी सांगतो. माझ्याकडे चहा आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावला की नावाडी ऐकू येतो. तेच लंगडं मराठी, तेच भांडण, मध्येच तिच्या आईसारखं नाकातून हसणं. तेवढंच जास्त ऐकायला मिळावं म्हणून मी चहा उकळत ठेवतो, आणि ते जोडपं बिचारं तो कडू काढा मुकाट पितं.

ट्रे घेऊन आत जाण्याआधी मी दाराबाहेर खाकरतो. जुन्या घरांत सासरे खाकरायचे तसा, माझ्याच घरात. खाकरलो की नावाडी गप्प होतो. मी कप ठेवतो, कुणाकडे न बघता बाहेर येतो आणि पुन्हा भिंतीशी उभा राहतो. तो बराच वेळ बोलत नाही.