फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यापलीकडचे हात

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मध्येच हसून सगळ्यांची मजा घालवणारी ती मीच. सिव्हिल इंजिनिअर, मूळची नागपूरची. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय...

आयोवात मिसिसिपीच्या काठी आमचं छोटं गाव आहे. नदीला लागून फ्रंट स्ट्रीट, मागे टेकडीवर चढत गेलेल्या गल्ल्या. इथे दुकानाचा पत्ता विचारा, लोक आधी सांगतात की पुराचं पाणी तिथे कुठवर आलं होतं! याच रस्त्याच्या टोकाला, विटांच्या शेवटच्या इमारतीत सुमनकाकूंचं इंडियन ग्रोसरीचं दुकान. काका गेल्यावर त्यांच्याकडे तेवढंच उरलंय.

गेल्या एप्रिलमध्ये नदी चढली. मी म्हटलं, "काकू, सामान पॅक करू, वर माझ्याकडे चला."

"मी सांगलीची आहे गं. पाणी बघतच मोठी झालेय. आधी भिंत घालू, पळायचं मग बघू."

सगळं गाव मदतीला आलं. माणसांची रांग लावून वाळूची पोती हातोहात पुढे सरकत होती. टोकाला, इमारतीच्या कोपऱ्यावर मी. पलीकडे नदीच्या बाजूची अरुंद पट्टी होती, ती मला दिसत नव्हती. कोपऱ्याआडून दोन हात यायचे आणि पोतं घ्यायचे – उघडे, भिजलेले, थंडीने लाल झालेले. "ब्रेक हवाय का?" मी इंग्रजीत विचारलंही. हात पुढच्या पोत्यासाठी पुन्हा पुढे आले. माझी कंबर मोडायची वेळ आली, पण ते हात थांबेनात, म्हणून मीही हटले नाही.

पोती संपली तेव्हा माझ्यामागचा हार्डवेअरवाला डेल म्हणाला, "पलीकडे कोण आहे? आपली सगळी माणसं तर इकडेच आहेत."

आम्ही कोपरा वळून पलीकडे पाहिलं. छातीएवढी भिंत, पोती एकावर एक नीट दाबून रचलेली... आणि माणूस नाही. पट्टी पुढे बंद आहे, भिंतीपलीकडे चढलेली नदी. बाहेर यायचं तर मला ओलांडूनच यावं लागतं. मी घाबरले, खोटं कशाला सांगू!

पाणी त्या भिंतीच्या काठापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. दुकानात थेंबही शिरला नाही. काकू भिंतीला हात लावून ढसाढसा रडल्या.

रांगेतल्या प्रत्येकाला मी विचारलं. सगळे तर्क लढवून झाले, एकही टिकला नाही.

यंदा नदी पुन्हा चढतेय. डेल म्हणाला, टोकाला या वेळी दुसरं कुणी उभं राहील. भीती मला वाटतेच – पण त्याला सांगून टाकलंय, ती जागा माझी आहे.