कार्टूनमधली बादली आणि आत्याची हाक

दिनेशदादाला जाऊन आज वर्ष झालं. या वर्षभरात आत्याने कोणालाही मागून हाक मारलेली नाही.

दादा माझा आतेभाऊ. टोकावड्याला घरातच लहान मुलांच्या ट्यूशन घ्यायचा. अभ्यास संपला की टीव्हीवर कार्टून.

एक पालक चिडून म्हणाले होते, "मास्तर, फी कार्टून दाखवायची घेता काय?"
"नाय हो, केऑस थिअरीची!"

मी बारावीत अडकलेला माणूस. मला ती थिअरी दादाच्या रिमोटमुळे समजली.

कोल्हा कोंबडीमागे धावतोय. वाटेत बादली. दादा तिथेच पॉज करायचा.
"ही बादली वीतभर बाजूला असती तर?"

पोरं ओरडायची. कोल्हा विहिरीत! नाय, गोठ्यात! नाय सर, लग्नाच्या मांडवात!

"बघा. एवढंसं बदललं की पुढचं सगळं बदलतं. आणि काय बदलेल ते आधी कोणालाच सांगता येत नाय."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत ऐकायची.
"दिन्या, त्या कोल्ह्याला एकदा तरी जेवू दे रे."

त्या सकाळी दादा मुरबाडला निघाला. बाईक चालू केली आणि आत्याने मागून हाक मारली, "दिन्या, डबा राहिला!"

आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. चुकून मारलीच, तर त्याने परत यायचं, जरा टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं.

दादा हसत परत आला. ओटीवर बसला. पाणी प्यायला.
मग गेला.

वळणावर समोरून टेम्पो आला.

भेटायला आलेल्या बायका कुजबुजत होत्या, "मागून हाक मारली गो तिनं."

मला वाटलं, आत्याने तेच मनाला लावून घेतलंय. आज वर्षश्राद्धाची पंगत उठल्यावर धीर करून तिला म्हणालो, "आत्या, हाकेनं काय होत नाय. दादा असलं काय मानायचा नाय."

"हाकेचं कोण बोलतंय?"
तिने माझ्याकडे बघितलंही नाही.
"मी त्याला बसवला. पाणी पाजलं. तसाच गेला असता तर टेम्पो यायच्या आधी वळण पार झाला असता. बादली मी सरकवली रे."

दारात बसून ऐकून ऐकून तिला सगळी थिअरी पाठ झाली होती. ती तिने स्वतःलाच लावली होती.

मग आठवलं. ट्यूशनमधल्या एका मुलीने दादाला विचारलं होतं, "सर, मग ज्या बाईनं बादली ठेवली तिचीच चूक ना?"

दादा म्हणाला होता, "नाय गो. तिनं गुरांसाठी पाणी ठेवलं. कोल्हा येणार हे तिला काय ठाऊक? आणि वाटेत दगड पण होता, उतार होता, कोंबडी पण मध्येच वळली. एकट्या बादलीला धरायचं नाय."

आत्याला हे जसंच्या तसं सांगितलं.

"असं बोलला तो?"
"हो. तू घरातच होतीस."
"मग कुकरची शिट्टी झाली असंल. माझ्या कानावर नाय पडलं."

ती उठली. पदराने डोळे पुसत आत गेली.

मी निघालो. गाडी रस्त्याला लावली होती. तिथे पोहोचलो आणि मागे धापा ऐकू आल्या.
आत्या. अनवाणी. हातात माझं हेल्मेट.
घरापासून रस्त्यापर्यंत धावत आली, पण हाक मारली नाही.

मी हेल्मेट घेतलं आणि तिच्याबरोबर परत गेलो. ओटीवर बसलो.
"आत्या, पाणी दे."
"मी हाक नाय मारली."
"मारायची होतीस."

ती उभीच राहिली. मग आत गेली आणि तांब्या घेऊन आली.
मी पाणी पिऊन होईपर्यंत माझ्याकडे बघत होती.

दादा, तुझा कोल्हा दरडीखाली चपटा व्हायचा आणि पुढच्या भागात उठून धावायचा. तू पोरांना सांगायचास, कार्टूनमध्ये तेवढंच खोटं असतं.

तेवढंच खरं असतं तर.

आत्याकडे मी येत जाईन. तू काळजी करू नकोस.

निरोप घेतो, दादा.