पत्र्याच्या खोलीतले तीन गेम

भावाचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात बसून लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदी करत होते. नेट येत होतं, जात होतं. एकाच बाळाचं नाव तिसऱ्यांदा टाकत होते.

"आक्का, माझे ते गेम हायेत न्हवं वर?" त्यानं विचारलं.

"हायेत की. जाणार कुठं?"

"मग रविवारी येतो न्यायला."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी चौथ्यांदा बाळाचं नाव टाकायला घेतलं.

मी आरोग्यसेविका आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. लग्न झालं होतं, पण सासरी दोनच वर्षं राहिले. परत आले ती उंब्रजला आईवडिलांच्या घरीच राहिले. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. बारावी झाल्या झाल्या फौजेत गेला. पुढं त्याचं लग्न झालं, मुली झाल्या, मुलींच्या शाळेसाठी बायकोनं सांगलीत घर केलं. तो कुठंतरी सीमेवर, त्याचा संसार सांगलीत आणि दोन्हीकडं न मावणारं सगळं सामान माझ्याकडं, अशी वाटणी आपोआप झाली. कुणी ठरवून केली नाही. जुनी खाट, मुलींची सायकल, मिक्सरचं खोकं, लग्नातली भांडी आणि एक काळी ट्रंक. घराच्या स्लॅबवर पत्र्याची एक खोली आहे, तिथं हे सगळं जाऊन बसलं.

ट्रंकेत त्याचे गेम होते. दोन्ही हातांत धरून खेळायचे व्हिडिओ गेम, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं. ईशान्येकडं पोस्टिंग असताना त्यानं बाजारातून दोन घेतले होते, तिसरा एका निवृत्त होणाऱ्या सोबत्यानं देऊन टाकला होता. बर्फात रस्ता बंद झाला की महिनोन्‌महिने कुणी येत नाही, कुणी जात नाही, तेव्हा हेच चालायचं, असं तो सांगायचा. त्याच्या लोकरी मोज्यांत गुंडाळून त्यानं ते ट्रंकेत ठेवले आणि सुट्टी संपवून निघताना दारात चप्पल घालता घालता मला म्हणाला, "आक्का, मधनंमधनं चार्जिंगला लावत जा. न्हाईतर बॅटऱ्या मरत्यात."

"मधनंमधनं म्हणजे?" मी विचारलं. आमच्या खात्यात असं मोघम काही नसतं. गोळी कधी, इंजेक्शन कधी, सगळं ठरलेलं असतं.

"लाव की महिन्याला एकदा."

त्याला अकरा वर्षं झाली.

प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी मी वर जायची. तीन भोकांचा बोर्ड खोलीतच ठेवला होता. तिन्ही गेम मोज्यांतून काढायची, फडक्यानं पुसायची, चार्जरला लावायची. बारीक केशरी दिवे लागायचे. संध्याकाळी जाऊन बघायची, दिवे विझलेले असले की पुन्हा मोज्यांत आणि ट्रंकेत. ते कधी चालू करून बघितले नाहीत. कसे चालू करायचे हेही मला ठाऊक नव्हतं.

वडील अर्धांगानं तीन वर्षं अंथरुणावर होते. त्यांना कूस बदलून दिली, पाठीला पावडर लावली, भात भरवला की जिना चढायचे. पुढं आईचं शेवटचं आजारपण आलं. माझा उजवा गुडघा धरायला लागला तेव्हा कठड्याला हात लावत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढायला लागले. हे का करतेय, असं मी स्वतःला कधी विचारलं नाही. भाऊ लांब होता. त्याचा फोन कधी आठ-आठ दिवस लागायचा नाही. त्याचं म्हणून करण्यासारखं माझ्या हातात एवढंच होतं.

गेल्या दिवाळीनंतर त्यातल्या एकाचं मागचं झाकण बसेना. मी अंगठ्यानं दाबून बसवलं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा उचकटलं. तेव्हा मी त्याला दोन रबर घातले आणि चार्जिंगला लावलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

रविवारी भाऊ पलूसवरनं मोटरसायकलनं आला. फौजेतनं येऊन दोन वर्षं झालीत, आता तिथल्या एका कारखान्यावर सुरक्षेचं काम बघतो. चेहरा ओढलेला होता. पोहे नको म्हणाला, नुसता चहा घेतला.

"थोरली कॉलेजला चालली," तो म्हणाला. "तिला दाखवायचेत. आणि मलाबी... सुट्टीदिवशी घरात बसून करमत न्हाई आक्का. काय करावं कळत न्हाई."

आम्ही वर गेलो. त्यानं ट्रंक उघडली, पहिला मोजा हातात घेतला आणि थांबला. मोज्याचा आकारच बदलला होता. आतला गेम बाहेर काढला तर मागचं झाकण ताणलेल्या रबरांवर तरंगत होतं आणि आतली बॅटरी उशीसारखी टम्म फुगली होती. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याची बॅटरी तर पाठीमागनं जोर लावून पडद्यापर्यंत पोचली होती. पडद्याला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेला होता. गेल्या महिन्यात पुसताना हे दोन्ही मला धड दिसले होते.

"लांब हो," तो म्हणाला. "हात लावू नको."

मी भिंतीला टेकले.

"हे कसं झालं?"

"मला काय म्हाईत? मी तर न चुकता चार्ज करत होते."

"कवापासनं?"

"तू सांगितलंस तवापासनं. महिन्याला एकदा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मी सांगितलं?"

"दारात. चप्पल घालताना."

त्यानं आठवायचा प्रयत्न केला, हे मला दिसलं. कपाळाला आठ्या पडल्या आणि तशाच राहिल्या. "असंन," तो म्हणाला. "आपलं बोललो असंन जाता जाता."

मला रडू आलं नाही. फार दमल्यासारखं झालं, एवढंच. मी त्या जुन्या खाटेवर बसले. खाट करकरली.

"आपलं बोललास?" मी म्हणाले. "आरं, आबांचा दहावा आदल्या दिवशी झाला होता, तरी मी वर आले होते. गुडघ्यावर पट्टा बांधून आले होते. तुझी बॅटरी मरू द्यायची नव्हती."

"मग सांगायचं न्हाईस मला? फोनवर विचारायचं एकदा, की अजून करू का म्हणून."

"तू कवा विचारलंस? करतीस का म्हणून?"

तो ट्रंकेपाशी उकिडवा बसला. पत्रा तापून कडकड वाजत होता. मार्च लागलेला. घामानं माझा पदर मानेला चिकटला होता.

थोड्या वेळानं तो उठला. शेजाऱ्यांच्या बांधकामावरून पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घेऊन आला. तिन्ही गेम अलगद वाळूत ठेवले आणि वरून पुन्हा वाळू टाकली. "हे कचऱ्यात टाकून भागायचं न्हाई," तो म्हणाला. "भोसकलं तर पेट घेतंय. कराडला दाखवू."

"मी येते."

"तू कशाला?"

"डबा कोण धरणार?"

हायवेला तो चाळीसच्या वर गेला नाही. डबा माझ्या मांडीवर होता. शेजारून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. प्रत्येक खड्ड्याला तो "धरलायस न्हवं?" म्हणायचा आणि मी "व्हय" म्हणायची. सबंध रस्ता आम्ही एवढंच बोललो.

कराडमध्ये दोन दुकानदारांनी डब्यात डोकावून हात जोडले. तिसरीकडं टेबलाशी एक तिशीची बाई बसली होती, कपाळावर भिंगाचा चष्मा चढवलेला. मोबाइल दुरुस्त करत होती. दुकान तिचंच होतं. तिनं वाळू बघितली आणि म्हणाली, "बरं केलंत. लोक खिशात घालून आणतात."

तिनं हातमोजे घातले, टेबल रिकामं केलं, आम्हाला दोन पावलं मागं उभं केलं. प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीनं कडेकडेनं, अजिबात घाई न करता एकेक बॅटरी सुटी केली. मी बाळंतपणं केलेली बाई, दुसऱ्याचे हात कसे चालतात ते मला लगेच कळतं. तिचे हात चांगले होते.

"कुठं ठेवले होते?" तिनं विचारलं.

"वरच्या खोलीत. पत्र्याच्या," मी सांगितलं.

"चार्ज करून?"

"दर महिन्याला. पूर्ण."

तिनं मान हलवली. "पूर्ण भरून उन्हात ठेवलं की आत गॅस धरतो, मावशी. निम्म्यावर ठेवायचं असतं, आणि थंड जागेत."

मला कुठं बघावं कळेना. उपकेंद्रात मी दिवसातनं दोनदा लसींच्या फ्रीजचं तापमान लिहिते. दोन ते आठ अंशांच्या बाहेर काटा गेला तर माझा जीव वर-खाली होतो. आणि घरी, माझ्याच डोक्यावर, एप्रिलमध्ये ट्रंकेला हात लावला तर चटका बसायचा. अकरा उन्हाळे मी पदरानं कडी धरून ट्रंक उघडली होती.

"तिला मीच सांगितलं होतं तसं," भाऊ मधेच बोलला. "तिचं काय न्हाई त्यात. माझंच चुकलं."

बाईनं आमच्या दोघांकडं बघितलं. मग बॅटऱ्या वाळूच्या तिच्या बादलीत सोडत म्हणाली, "नुसते ठेवले असते तरी इतकी वर्षं टिकले असते असं नाही. पार संपलेली बॅटरीसुद्धा खराब होते. वयच झालंय त्यांचं." त्या बॅटऱ्या ती साठवून ठेवते आणि पुण्याहून माल न्यायला येणाऱ्याकडं देते, असं तिनं सांगितलं. घंटागाडीत कधी टाकू नका, म्हणाली.

नवीन बॅटऱ्या आता निघत नाहीत. ज्या मिळतात त्या नकली, त्या घालायला ती तयार नव्हती. तडा गेलेला गेम तिनं बाजूला ठेवला, त्याचे सुटे भागच कामाचे होते. उरलेले दोन तिनं बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर लावून बघितले. एक मुका राहिला. दुसऱ्याचा पडदा उजळला.

भाऊ पुढं झुकला. पडद्यावर एक छोटं गाव दिसत होतं. निळी छपरं, पूल, नदी आणि पुलावर पाठीला गाठोडं बांधलेला चिमुकला माणूस. तो नुसता उभा होता, श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत होता.

"इथंच थांबवला होता मी," भाऊ हळूच म्हणाला. "पुलावर."

मी ते चित्र पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं होतं, यात बंदुका असतील.

"हे काय करतंय?" मी विचारलं.

"गावोगाव जायाचं. कुणाला औषध पोचवायचं, कुणाला निरोप. बाकी काय न्हाई." तो बटणांकडं बघत राहिला. "तिथं वर आक्का, काहीच हलायचं न्हाई. बर्फ नुसता. ह्यो गडी चालत राहायचा, तेवढंच बरं वाटायचं."

वायर आखूड होती. ती बाई टेबलापासून बाजूला सरकून, त्याला जागा देऊन दुसऱ्या मोबाइलकडं वळली. तो वाकूनच त्या माणसाला पुलावरनं पलीकडं घेऊन गेला. मी स्टुलावर बसून बघत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझा गुडघा ठणकत होता, पण उठावंसं वाटेना.

बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. रिकामा डबा माझ्या पायापाशी होता. मी म्हणाले, "तुझं बाकीचं पण घेऊन जा आता."

"बाकीचं काय?"

"सगळं. खाट, सायकल, भांडी. ट्रंक."

त्यानं ग्लास खाली ठेवला. "जड झालं व्हय तुला?"

इतकी वर्षं कुणीही विचारलं असतं तर मी 'छे, त्यात काय' म्हणाले असते. त्या दिवशी तसं म्हणायची ताकदसुद्धा नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "लय जड झालं."

त्यानं रसाचे पैसे दिले. मग म्हणाला, "म्हणायचं न्हाईस का गं आधी?" त्यात राग नव्हता. मी रिकामा डबा उचलला.

पुढच्या आठवड्यात तो छोटा टेम्पो घेऊन आला. बायको आणि थोरली मुलगीही आल्या. त्यांच्या फ्लॅटमध्ये हे सगळं मावणार नव्हतंच. सायकल त्यांनी इथंच शेजारच्या मुलीला दिली, खाट भंगारात गेली, भांडी भावजयीनं नेली. ट्रंकेत कपडे भरून ती सांगलीला गेली. चालू असलेला गेम भावानं कराडहूनच स्वतःच्या पिशवीतून नेला होता. थोरलीनं तो खेळून बघितला, दहा मिनिटांत तिला कंटाळा आला, असं त्यानं नंतर फोनवर सांगितलं. सांगताना तो हसत होता. तो मात्र सुट्टीच्या दिवशी भिंतीशी पाठ टेकून, वायर पुरेल एवढ्या अंतरावर बसून खेळतो. शेजारी बसून बायको भाजी निवडते आणि मधेच, आता कुठल्या गावाला आलास, असं विचारते.

टेम्पो गेल्यावर मी वरची खोली झाडून काढली. दारं उघडी टाकली. मग तिथंच जमिनीवर सतरंजी अंथरून जरा आडवी झाले. गरम होत होतं, तरी झोप लागली. जाग आली ती फोननं. उपकेंद्रातून होता. लसीकरणाचं बंद पडलेलं पोर्टल चालू झालंय, म्हणाले, राहिलेल्या नोंदी आजच करा.